पारसिकच्या धारेवर प्यालेलं पाणी

प्रिय चांग्या,

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितोय. कारण आज सकाळी तुझी आई आमच्या परसदारी आलेली. तुझं बारावं कालच उरकलं म्हणाली. मग कुंपण धरून एकच विचारलं, "दिनूभाऊ, माज्या पोरान देवीची खोटी शप्पत घेतली का र? म्हनून तिनं नेला त्याला?"

मागच्या ओसरीवर अण्णा बसलेले. वडिलांसमोर काय बोलणार? सरळ आत आलो नि दार लावून घेतलं. तेव्हापासून आतच आहे.

तीन दिवसांच्या तापानेही धडधाकट माणूस जातो, हे तिला कोण सांगणार? मी? शाळेतलं इंग्रजी पुस्तक उघडून?

डोंगराचं खूळ माझंच. विलायतेतले साहेब एका दिवसात शिखरामागून शिखरं चालून जातात, असं मास्तरांनी वर्गात सांगितलं नि मी वेडाच झालो. पारसिकच्या डोंगराच्या पाची समिट एका दिवसात करायच्या! तू आमच्याकडे मिठाची गोणी टाकायला आलेलास. पाठ सरळ करत म्हणालास, "समिट म्हंजे?"

"टोक रे."

"मंग टोक म्हन ना! इंग्रजीत बोलल्यान डोंगर काय बुटका होतंय?"

दोघं निघालो. पहिली दोन टोकं मी धावतच चढलो. एका अंगाला खाडी, खाली तुमची मिठागरं पांढरीशुभ्र! तिसरंही झालं. आणि मग ती धार. दोन्हीकडे तुटलेला कडा, मध्ये हातभर वाट. माझा तांब्या निसटला, ठणठण करत खाली गेला. घोड्यावर बसावं तसा धारेवर बसलो. ना पुढे सरकता येई, ना मागे. डोक्यावर ऊन, जीभ टाळ्याला चिकटलेली.

तू पुढे गेलेलास, तो मागे फिरलास नि समोर मांडी ठोकलीस.

"बामना, आमच्या मिठागराचा बांध यापरीस अरुंद हाय. घे, पी."

तुझा पाण्याचा भोपळा. मी बघतच राहिलो. सगळी माणसं सारखी, म्हणून शाळेत एवढा मोठा निबंध लिहिलेला मी! तुझ्या लक्षात आलं. तू तोंड फिरवलंस.

"मी बगत नाय. पी, नायतर नको पी. पन तुला हितं सोरून मी जात नाय."

प्यालो. सगळा भोपळा रिकामा केला. तुला घोटभरही ठेवलं नाही. का नाही बोललास काही?

माझा पंचा दोघांच्या कमरेला बांधून तू मला पलीकडे, चौथ्या टोकावर नेलंस. पाचव्या टोकावर देवीपुढे तू लोटांगण घातलंस. मी आपला "पाच! पाच!" ओरडत नाचत होतो.

लाकडं तोडायला आलेल्या मोळीवालीने मला तुझं पाणी पिताना पाहिलं नि आळीभर केलं. अण्णांनी तुला अंगणात उभं केलं. "माझ्या मुलाने तुझं पाणी घेतलं?"

"देवीशप्पत, अण्णा. त्यान निस्तं डोलं धुवलं."

अण्णा माझ्याकडे वळले. "खरं का रे?"

मी मान हलवली. चांग्या, मी मान हलवली!

कोणी सांगितलेलं तुला शपथ घ्यायला? रागच येतो तुझा. आता खरं बोललो तर अण्णा घराबाहेर काढतील, आणि वर तुझी शपथ खोटी ठरेल. तुझी आई म्हणेल, नेलाच देवीने. गप्प बसलो तर ती रोज स्वतःलाच विचारत बसेल, आणि मी सोवळा म्हणून अण्णांच्या पंक्तीला जेवत राहीन. धारेवरून तू काढलंस. इथून कोण काढणार?

पण दुपारी एक गोष्ट डोक्यात आली. तू खोटं बोललास ते माझ्यासाठी. मी मान हलवली ती स्वतःसाठी. देवीला राग यायचाच तर माझा यायला हवा ना? आणि मला तर साधी शिंकही आली नाही! हे तुझ्या आईला पटेल. फक्त ते माझ्या तोंडून निघायला हवं.

म्हणून शब्द देतो. अण्णा संध्येला बसायच्या आत त्यांना सांगणार, प्यालो, सगळं प्यालो. मग ते काय करायचं ते करोत. तिथून तुझ्या दारात येणार नि म्हणणार, "आये, खोटा मी होतो. बघ, मला काही झालेलं नाही."

तुझा,
दिनू