हाताचा फोटो कसा काढायचा

सेक्टर २२, चंदीगड
डिसेंबर

प्रिय आई,

तुझा निरोप मिळाला. ‘चंदीगडला एखादा चांगला लेझरवाला डॉक्टर बघून ठेव, शार्दूलच्या लग्नाआधी हातावरचं गोंदण काढून टाकावं म्हणते.’ भिंतीतला जुना खिळा उपटायचा असावा इतक्या सहज सांगितलंस. मी मुद्दामच फोन केला नाही. मी तापले असते आणि तू ‘बरं बरं’ म्हणत गॅसवरचं दूध बघायला गेली असतीस. म्हणून कागद घेतलाय, तो पूर्ण वाच.

डॉक्टर मी बघणार नाही, आधीच सांगते. ओळखीचे आहेत, दोघे तर माझ्या टॅटू स्टुडिओपासून पाच मिनिटांवर आहेत. मोडलेल्या प्रेमाची नावं काढायला पोरंपोरी त्यांच्याकडे जातात आणि उरलेल्या डागावर फूल-पाखरू काढून घ्यायला माझ्याकडे येतात. एकदा भाजून भागत नाही, पाच-सहा वेळा भाजावं लागतं, आणि दर वेळी मध्ये दीड-दोन महिने जाऊ द्यावे लागतात. लग्न फेब्रुवारीत आहे. तोवर फार तर अर्धवट पुसलेला, सालं निघालेला हात घेऊन तू वरमाय म्हणून मिरवशील. आणि हे सगळं कुणासाठी? होणाऱ्या विहीणबाईंसाठी, ऋताच्या आईसाठी! साखरपुड्यात त्या बाईंनी तुझं मनगट धरून ‘अय्या, हे अजून ठेवलंय तुम्ही?’ म्हटलं, तू हसलीस आणि पदर हातावर ओढून घेतलास. मी पेढ्यांचं ताट धरून समोरच उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही. तो राग अजून गेलेला नाही.

त्यापेक्षा माझं एक काम कर. त्या हाताचा फोटो काढून पाठव. गेल्या वर्षी पाठवला होतास तसला नको. त्यात ट्यूबलाइट होती, बांगड्या होत्या, मागे धुण्याची बादली होती, फक्त गोंदण तेवढं दिसत नव्हतं. सकाळी दहाच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या खिडकीशी बस, ऊन थेट अंगावर येणार नाही अशी. हाताला तेल-क्रीम काही लावू नकोस, कातडी चमकली की रेघा दिसत नाहीत. बांगड्या वर सरकव. खाली बाबांचा राखाडी टॉवेल अंथर. हात सैल ठेव, पिळू नकोस. पिळलेल्या हातावर सरळ रेघसुद्धा वाकडी येते आणि लोक नावं गोंदणाऱ्याला ठेवतात. फोटो बाबांना काढू दे. त्यांना म्हणावं, आधी धोतराच्या सोग्याने भिंग पुसा, फ्लॅश बंद करा, फोन हाताच्या बरोबर वर आडवा धरा आणि झूम करू नका, हवं तर वाका. त्यांचा हात कापतो, तर कोपर टेबलाला टेकवू देत. आणि फोनमधलं ते चेहरा गोरा-गुळगुळीत करणारं बटण आधी बंद करायला लाव, नाहीतर फोन विचारल्याशिवाय तुला धुऊन काढेल.

या बटणाशी माझं रोज भांडण चालू असतं. इथे टॅटू गोंदून झाला की माणूस आरशाआधी फोनमध्ये बघतो. मोहालीच्या आयटी कंपनीतली एक पोरगी परवा खांद्यावर मोर काढून घेऊन गेली, सुंदर सावळी कातडी, त्यावर काळी रेघ अशी उठली होती की मी स्वतःच बघत राहिले. फोटो काढायला गेले तर म्हणाली, ‘दीदी, फोटो में थोडा गोरा कर देना जी.’ मी म्हटलं, गोरं करून हवं असेल तर दुसऱ्या दुकानात जा. जवळच्या खरड गावचा एक पोरगा वडिलांचं नाव गोंदवून घ्यायला आला होता, शेजारी लहानपणच्या भाजल्याचा वण. त्याला तो वण फोटोत नको होता. मी भिंतीवर पाटीच लावली आहे, हिंदीत आणि पंजाबीत: उजेड कमी-जास्त करू, कातडीला हात लावणार नाही. त्यापायी किती गिऱ्हाइकं चिडून गेली. जाऊ देत.

आणि तुझ्या हातावर काय आहे, हे तू तरी विसरली आहेस का? मला तू एकदाच सांगितलं होतंस, दहावीच्या सुट्टीत, वाटाणे सोलताना. तू बारा वर्षांची होतीस. जत्रेत गोंदणाऱ्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, ती सगळ्या मुलींच्या हातावर तुळस आणि ठिपके काढत होती. तू हट्ट धरलास की नावच हवं, आणि पूर्ण हवं. शाईच्या पेनाने तू स्वतःच हातावर लिहिलंस, रत्नप्रभा, आणि बाईने त्या अक्षरांवरून सुई चालवली. म्हणजे ते अक्षर तुझं आहे, आई. मी रोज लोकांची नावं गोंदते, पण स्वतःच्या अक्षरात स्वतःचं नाव हातावर असलेली बाई मला अजून भेटलेली नाही. पुढे लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने शुभदा लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या दिवसापासून रेशनकार्डावर, तुझ्या शाळेतल्या नोकरीच्या मस्टरवर, आमच्या दाखल्यांवर तू शुभदा झालीस. बाबांचा मी राग करत नाही, त्यांना वाटलं असंच असतं. पण रत्नप्रभा आता जगात एवढ्याच जागी उरली आहे, आणि ती जागा तू भाजून घ्यायला निघाली आहेस.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. साखरपुड्याचा तो फोटो, जो तू मोठा करून दिवाणखान्यात लावलास आणि ज्याकडे बघून ‘हात कसा छान दिसतोय गं, काढूनच टाकावं’ म्हणालीस, त्याबद्दल तू येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटोग्राफरचं कौतुक सांगतेस. त्याने काही केलेलं नाही. त्याने तुझा हात होता तसा दिला होता. अल्बम छापायला जायच्या आदल्या दिवशी शार्दूलने तो फोटो मला पाठवला, ‘ताई, तुला येतं ना, आईचा हात तेवढा साफ करून दे, त्या लोकांसमोर नको.’ दोन गिऱ्हाइकांच्या मधे, त्या पाटीखाली बसून, चहा पिता पिता मी बोटाने एकेक अक्षर पुसलं. चार मिनिटं लागली. काम इतकं सफाईदार झालं की मी स्वतःवर खूश झाले. तुझा निरोप ऐकला तेव्हा कळलं मी काय केलं ते. नवा फोटो आला की मी तो मोठा छापून पाठवीन. आठ दिवस समोर ठेव. त्यानंतरही काढावंसं वाटलं तर मीच तुला डॉक्टरकडे नेईन आणि शेजारी बसेन, कारण हात तुझा आहे. फक्त त्या भिंतीवरच्या हाताकडे बघून ठरवू नकोस. तो मी पुसलाय, आई.

तुझीच, आणि आज सगळ्यात जास्त स्वतःवर चिडलेली,
क्षितिजा