लाडे मास्तरांचं गडगनेर

॥ श्री ॥

पिंपळगाव राजा,
१२ जानेवारी २०२४

चि. ऋत्विक यास मावशीचे भरभरून आशीर्वाद, वि. वि.

पत्र का लिहिते ते तुला ठाऊकच आहे. फोन केला की तुझे काका स्पीकर लावतात, शेजारून तानाबाई ओट्यावर येऊन बसते, आणि मावशी-भाच्याचं बोलणं ग्रामसभेत जातं. त्यापेक्षा कागद बरा.

बातमी मोठी आहे. तू लिहितोस त्या ‘भाडेकरू बरे आहेत’ मालिकेत गेल्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या लाडे मास्तरांचं लग्न ठरल्याची जाहिरात लागली. खालच्या किराणावाल्याची मुलगी, पुढच्या महिन्यात मोठा भाग. आपल्या गल्लीत कोणाचंही लग्न निघालं की आपण गडगनेर करतो. तुमच्या मुंबईकडे त्याला केळवण म्हणतात. मास्तर तर गेली चार वर्षं दर गुरुवारी आपल्या घरात येतात, मग त्यांनीच काय घोडं मारलं? तानाबाईचं म्हणणं की टीव्हीतला माणूस जेवते कसा. त्यावर आपल्या शेजारच्या गुलनारने शिवणयंत्रावरून मान वर न करता सांगितलं की जेवणार तर आपणच आहो, त्याले फक्त मान द्याचा आहे. मग कोणाची हरकत राहिली नाही.

काल टीव्हीपुढे पाट मांडला, रांगोळी घातली. पुरणपोळ्या, कढी, भजी, भरल्या वांग्याची भाजी. मास्तर पडद्यावर आले तसं मी ओवाळलं आणि काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं. ते आता निघत नाही. तेव्हापासून बातम्या देणाऱ्या माणसालाही कुंकू आहे आणि क्रिकेटच्या पंचालाही. तुझे काका माझ्याशी बोलत नाहीत.

मास्तरांच्या ताटावरून मात्र वाद झाला, कारण लग्नाच्या मुलाचं ताट दुसऱ्याने खायचं नसतं. शेवटी मीच ठरवलं की मास्तरांच्या तोंडी शब्द घालणारा आपला ऋत्विक आहे, तर घासही त्यालाच जाऊ दे. म्हणून पोळ्यांचा डबा आणि आहेराची टॉवेल-टोपी खामगावहून निघणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिली आहे. खाताना एक ध्यानात ठेव. माझी आई सांगायची की गडगनेर खाऊ घातलं की ते लग्न घरच्यांनी पार पाडायचं, मागे फिरायचं नाही.

एक तक्रार आहे. पूर्वी मास्तर आले की ‘टिंग’ असं वाजायचं. तू त्या मालिकेत गेलास आणि ते बंद झालं. आता मी स्वयंपाकघरात असले की मास्तर कधी आले ते कळत नाही. ते परत लावता येतं का पाहा.

आणि हो, मास्तरांचं पन्नाशीत जमलं, तू एकतिशीत आहेस. चिखलीची दीपमाला नावाची मुलगी आहे, बँकेत नोकरीला. फोटो बघशील तर नाही म्हणणार नाहीस.

डबा परत पाठव. लोभ मात्र तिकडेच ठेवून घे, तो परत आलेला मला चालत नाही.

तुझी
रुख्मिणी मावशी


ठाणे,
२१ जानेवारी २०२४

तीर्थरूप मावशीस ऋत्विकचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

डबा पोचला. ड्रायव्हरने त्याला पोटाशी धरून आणलं असावं, कारण पोळ्या अजून मऊ होत्या. कुंकवावर खोबरेल तेलाचा हात फिरवून बघ आणि काकांना माझा नमस्कार सांग.

पोळ्या मी एकट्याने नाही खाल्ल्या. निम्म्या हरिओमने खाल्ल्या. फोनवर ज्याचा आवाज तू ऐकला आहेस तोच, डोणगावचा, आमच्या मालिकेचं ध्वनिमुद्रण सांभाळणारा. टोपीही त्यानेच घातली आणि दिवसभर काढली नाही. तो ‘टिंग’ त्यानेच काढून टाकला, मी सांगितल्यावरून. तो परत लागणार नाही, मावशी, आणि का ते सांगायला हे पत्र आहे.

मास्तरांचं ते लग्न मी लिहिणार नाही असं मी वाहिनीला कळवलं आहे. तिथे सगळे नाराज आहेत आणि माझं काम जाईल असंही दिसतंय. पण मास्तरांना मुलगी नको आहे. वाचनालयातले बापट दर गुरुवारी त्यांच्याकडे येतात, सिलिंडर दोन मजले चढवून देतात, मास्तरांच्या आईला औषध देतात. ते का येतात हे चार वर्षांत कोणी विचारलं नाही. मास्तरांचा जीव बापटांवर आहे आणि बापटांचा त्यांच्यावर. आजवर आपल्याकडच्या विनोदी मालिकांत असा माणूस आला की तो फक्त लचकत चालायचा, मागे तोच ‘टिंग’ आणि हशा वाजायचा, आणि शेवटी एखादी मुलगी गळ्यात बांधून त्याला सुधारल्याचं दाखवायचे. मला मास्तरांना सुधारायचं नाही. ते बरे आहेत.

आणि जे मास्तरांचं तेच माझं. मावशी, मलाही मुलगी नको आहे. हरिओम माझा नुसता खोलीतला सोबती नाही, जोडीदार आहे. आम्ही पाच वर्षं एकत्र राहतो आणि सुखाने राहतो. दीपमालाच्या घरी कृपा करून नकार कळव, तिचा यात काही दोष नाही.

काम गेलं तर दुसरं मिळेल, त्याची मला धास्ती नाही. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आणि दुसरी मावशी कुठे मिळणार? होळीला आम्हा दोघांना यायचं आहे. तू बोलावलंस तरच येऊ, आणि नाही बोलावलंस तरी पत्र लिहीत राहीन.

तुझ्या आशीर्वादाची वाट बघणारा,
ऋत्विक


पिंपळगाव राजा,
२९ जानेवारी २०२४

चि. ऋत्विक यास,

डबा मिळाला. झाकण बदललं आहे, ते आपलं नाही. हरभरा बरा आहे. कांद्याला पाणी देणं चालू आहे. काकांचा गुडघा तसाच. चिखलीला अजून काही कळवलेलं नाही.

तब्येत सांभाळ.

रुख्मिणी


पिंपळगाव राजा,
७ फेब्रुवारी २०२४

ऋत्विक बेटा, गुलनार मावशीची दुआ आणि सलाम.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. ब्लाउजच्या मापांपलीकडे माझं लिहिणं जात नाही, पण तुझ्या मावशीचं मौन बघवत नाही म्हणून बसले. तिने टीव्हीवर चादर टाकली आहे आणि विचारलं तर धूळ बसते म्हणते. दोन गुरुवार बायका दाराशी येऊन परत गेल्या. तानाबाईने तर वाहिनी तुटली असं समजून केबलवाल्याला शिव्या दिल्या.

मग बाह्या बेतायला आली तेव्हा मी तिला धरलं. टाचण्या लावलेल्या अंगाने माणूस पळून जात नाही. तिने सगळं सांगितलं. बेटा, तिला तुझा राग नाही. तिला भीती आहे. म्हणत होती की आता लोक माझ्या लेकराले हसतीन.

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली. तू शाळेत होतास तेव्हा एक जुनी मालिका लागायची, त्यात साडी नेसून मुरकणारा एक पुरुष होता आणि तो आला की घंटी वाजायची. गल्लीतली पोरं तुला बघून तोंडाने तीच घंटी वाजवायची. ती मालिका लागायच्या वेळेला तू माझ्याकडे येऊन यंत्राचं पायडल मारत बसायचास. तुमच्या घरी वाटायचं की पोराला शिवण शिकायचं आहे. तुला फक्त आवाज हवा होता, ज्यात तुमच्या टीव्हीतली घंटी ऐकू येणार नाही. मी तिला म्हटलं की लोक तर कधीचेच हसून चुकले बाई, आता घरच्यांनी काय करायचं तेवढं बाकी आहे.

तिने बाहीची एक टाचणी काढून परत तिथेच खोचली. मग विचारलं की तो तेव्हा रडायचा का. मी खरं तेच सांगितलं, की रडत नव्हता, पायडल मात्र फार जोराने मारायचा. तुझी मावशी माप अर्धवट सोडून घरी गेली. टाचण्या अजून तिच्याकडेच आहेत.

तू लिहायचं थांबवू नकोस. तुझ्या हरिओमला माझा सलाम सांग, आणि त्याने घंटी काढली त्याबद्दल शाबासकी दे.

दुआ करणारी
गुलनार


ठाणे,
१४ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप मावशीस नमस्कार, वि. वि.

आधीच्या पत्राचं उत्तर मागत नाही, मालिकेची खबर तेवढी कळवतो. वाहिनीच्या प्रमुख बाईंनी बोलावून विचारलं की प्रेक्षकांना हे झेपेल कशावरून. माझ्याकडे आकडे नव्हते. मी त्यांना आपल्या घरचं गडगनेर सांगितलं, पाट, रांगोळी आणि पंचाच्या कपाळावरचं कुंकू. म्हटलं, जे लोक मास्तरांना जेवू घालतात ते त्यांना घराबाहेर काढतील असं मला वाटत नाही. बाई खूप हसल्या आणि मग म्हणाल्या की एक भाग तुमच्या मनाने लिहा. लोकांनी पाठ फिरवली तर पुढच्या आठवड्यापासून मास्तरही नाहीत आणि मीही नाही.

तो भाग बावीस तारखेच्या गुरुवारी आहे. चादर काढ असं म्हणायचा मला हक्क नाही. पण मी तो लिहिताना तू पाटाजवळ बसली आहेस असंच डोळ्यांपुढे होतं.

हरिओम नमस्कार सांगतो. झाकण त्याच्या हातून बदललं, मूळचं सापडलं आहे.

तुझाच
ऋत्विक


॥ श्री ॥

पिंपळगाव राजा,
२३ फेब्रुवारी २०२४

चि. ऋत्विक यास मावशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल चादर काढली. एवढ्या बायका आल्या की तुझे काका स्वतःच्या घरात उभे होते. कुंकू अजून तसंच आहे, तुझ्या खोबरेल तेलाने ते फक्त चमकायला लागलं.

मास्तर मंडपात आले. त्यांनी मुंडावळ्या हातात धरून सांगितलं की या बांधायच्या असतील तर बापटांनीच बांधाव्यात, नाहीतर त्या तशाच राहू द्याव्यात. मी देवाचं नाव घेत होते, मास्तरांसाठी नाही, तुझ्यासाठी. पहिली तानाबाईच बोलली. म्हणाली की मले पहिल्यापासूनच ठाऊक होतं, कोणी फुकट कोणाचं सिलिंडर दोन मजले चढवते का. समोरचा सहदेव मात्र उठला. हे असलं दाखवाले नाही पाह्यजे म्हणत बाहेर गेला, चप्पल सापडेना म्हणून दाराशी थांबला, आणि शेवटची पाटी लागेपर्यंत तिथेच उभं राहून बघत होता. चप्पल त्याच्या पायातच होती.

आणि मग गंमत झाली. बापट पुढे आले, मास्तर लाजून थोडे बाजूला सरकले, आणि मी लावलेलं कुंकू नेमकं बापटांच्या कपाळावर आलं. सगळ्या बायका हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं. तानाबाई म्हणाली की झालं मंग, ओवाळणं त्यालेही पोचलं. मी पदर डोळ्यांना लावला. गुलनारने पाहिलं.

ऋत्विक, मला वाईट वाटलं होतं, ते लपवत नाही. भीतीही वाटली, ती अजून पुरती गेलेली नाही. पण खरा सल निराळाच आहे. माझ्या घरातली घंटी ऐकू नये म्हणून तू गुलनारकडे पायडल मारत बसायचास आणि मला ते कधी कळलं नाही. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. जगलेल्या मावशीचा उपयोग काय, जर लेकराला शेजारी जाऊन बसावं लागत असेल? यापुढे जे असेल ते याच घरात येऊन बोलायचं. स्पीकर लावून बोल हवं तर.

तुझ्या काकांना मीच सांगितलं. ते गुडघ्याला तेल चोळत होते, चोळतच राहिले. मग विचारलं की डोणगावचं पोरगं पहाटे उठते का, कारण होळीनंतर कांदा काढायचा आहे आणि माणसं मिळत नाहीत. आज सकाळी त्यांनी बाहेरच्या खोलीतली खाट दुरुस्त केली. यापेक्षा जास्त बोलणं त्यांच्याकडून मिळणार नाही, तू त्यातलं काय ते समजून घे.

चिखलीला कळवलं. कारण विचारलं त्यांनी. मी सांगितलं की मुलाचं जमलेलं आहे.

होळीला दोघांनी यायचं. लोक बोलतील त्यांना काय सांगायचं याचा मी पुष्कळ विचार केला, आणि मला माझ्या आईचीच गोष्ट आठवली. गडगनेर मुलाचं असतं, जोडीदार कोण ते कोणी ताट वाढताना विचारत नाही. तू आणि हरिओम, दोघांनी माझ्या हातच्या त्या पोळ्या खाल्ल्या आहेत. खाऊ घातल्यावर मागे फिरायची रीत आपल्या घरात नाही.

येताना डब्याचं मूळचं झाकण आणा. लोभ होता तसाच आहे, आता तो दोघांत वाटून घ्या म्हणजे भांडण नको.

तुमची
रुख्मिणी मावशी

ता. क. सोबत आहेराची टॉवेल-टोपी पाठवते आहे. मागच्या वेळी एकाचीच पाठवली होती.