अठ्ठेचाळीस शब्दांची पाटी

७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

स्वतःच्या हाताने केलेलं, आजपर्यंत —

दीपाची खुर्ची. ही तिसरी, आधीच्या दोन लहान पडल्या. मागची चाकं सायकलची, जोड सगळे मी मारलेले. एकही उघडलेला नाही.

न्हाणीतलं स्टूल, प्लास्टिक पाइपचं, पायांना रबर.

वाकडा चमचा. मूठ सायकलच्या ग्रिपची.

दारातला उतार. एक फूट चढायला बारा फूट लांबी. निम्मं अंगण उतारातच गेलं म्हणून बेटेगावात लोक हसले. हसू देत!

बोलायची पाटी. ॲक्रिलिकचा पांढरा तुकडा, अठ्ठेचाळीस चौकोन, प्रत्येकात एक शब्द कोरून वर काळा रंग भरलेला. दीपा डाव्या मुठीने शब्द दाखवते. पोरगी चोवीस वर्षांची झाली, जन्मापासून अंग ताठ, बोललेलं बाहेरच्याला कळत नाही. पाटी कळते.

वेल्डिंग दुसऱ्याचे हात बघून शिकलो, इंग्रजी डिक्शनरी बघून. शाळा आठवीत सुटली. कोणाकडे काही मागायला गेलो नाही, हे लिहून ठेवतो.

उद्या अपंगांच्या संस्थेच्या सुगंधाताई येणार, दीपाचं म्हणणं लिहून घ्यायला. ते पुढे पार जिनिव्हाला जाणार! वरची यादी त्यांना दाखवायची म्हणून केली.

८ नोव्हेंबर

यादी दाखवता आली नाही. सुगंधाताईंना दिसत नाही.

काठी टेकत उतारावरून सरळ वर आल्या. "हा कोणी केला? पायाला कळतंय, माणसाने मापून केलाय." इथपर्यंत झकास.

चहा झाला. जमुनाने विचारलं, आमच्या पोरीचं जिनिव्हात काय काम? बाईंनी नीट सांगितलं. अपंगांच्या हक्कांचा करार आहे, पुष्कळ देशांनी केलेला, आपणही. तो पाळला जातो का हे बघायला जिनिव्हात अठरा जणांची समिती, त्यातले बहुतेक स्वतः अपंग. सरकार ठरावीक वर्षांनी आपला अहवाल पाठवतं — आम्ही हे केलं, ते केलं. लोकांच्या संघटना आपला वेगळा पाठवतात. समिती दोन्ही शेजारी ठेवून वाचते. जिथे जुळत नाही तिथे सरकारच्या माणसांना समोर बसवून विचारते.

"आनि नाय ऐकलं सरकारनी तर? दंड?"

"दंड नाही हो वहिनी. लिहून ठेवतात. पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारतात, मागे सांगितलं त्याचं काय केलंत?"

"म्हंजे सासू! मारत नाय, पन इसरत बी नाय."

बाई एवढ्या हसल्या की चहा बशीत सांडला.

मग प्रश्न. शाळा कितवीपर्यंत? मी म्हटलं, चौथी, पुढचं वाचायला मी घरी शिकवलं. दवाखान्यात कोणाबरोबर जातेस? माझ्याबरोबर. बँकेत खातं आहे? आहे, मीच बघतो. कपडे कोण निवडतं? म्हटलं, तिची आई, पण रंग मी —

बाई थांबल्या. "प्रफुल्लभाऊ, मी दीपाला विचारतेय. मला आवाज तुमचाच येतोय."

म्हटलं, म्हणून तर पाटी केली ना!

"मग ती वाचून दाखवा मला. सगळे शब्द."

वाचली. मोठ्याने, ओळीने. पाणी, भूक, संडास, दुखतं, गरम, थंडी, पंखा, झोप, टीव्ही, आई, बाबा, औषध, देव, छान... एकही न गाळता.

बाई म्हणाल्या, "आणि 'नको' कुठाय?"

पुन्हा बघितली. वरून खाली, मग खालून वर. पंधरा वर्षं ही पाटी माझ्या डोळ्यांसमोर आहे.

म्हटलं, नको असलं की ती मान वळवते. आम्हाला कळतं.

दीपाने मान वळवलेलीच होती.

९ नोव्हेंबर

'देव' आहे. 'छान' आहे. 'पंखा' आहे!

१३ नोव्हेंबर

कारखान्यात तपासणी होती. काल सगळ्यांना नवे गॉगल वाटले, गटार धुतलं, भिंतीला चुना. आज साहेब लोक आले, चहा-बिस्किटं झाली, गेले. संध्याकाळी गॉगल परत घेतले. तपासणी म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको.

पण ही समिती येत नाही. वाचते. आमच्या कुंभवलीच्या कारखान्यात काय चाललंय हे तिकडे बसून कसं कळणार? कोणी इथून लिहिलं तरच. अहवालात 'उतार आहे' एवढंच लिहिलं, तर त्या उतारावरून खुर्ची चढते की कपाळमोक्ष होतो हे कोण सांगणार? हे पटलं.

सुगंधाताईंनी समितीचे जुने शेरे फोनवर पाठवलेत, २०१९ साली आपल्या देशाचा पहिला अहवाल तपासला तेव्हाचे. डिक्शनरी घेऊन वाचतोय. एकेका ओळीला दम लागतो. एक मुद्दा असा, की अपंग माणसाचे निर्णय दुसऱ्याने घ्यायची पद्धत बंद करा. त्याला निर्णय घ्यायला मदत करा, त्याच्या जागी बसू नका. तिथे शब्द आहे 'सब्स्टिट्यूट'. म्हणजे बदली.

बदली कामगार मला माहीत आहे. नेहमीचा माणूस आला नाही तर घेतात. इथे नेहमीचा माणूस रोज हजर — आणि पाळी बदलीच भरतोय!

कोणी म्हटलं नाही मला असं. मीच वाचलं. थकवा येतो अशाने, ड्युटीचा नव्हे, दुसराच.

१६ नोव्हेंबर

नवी पाटी. जुन्याहून मोठी. यात शब्द थोडे, अक्षरं सगळी. काना, मात्रा, वेलांटीची ओळ वेगळी, नाहीतर मराठी कशी लिहिणार? अक्षरांनी वेळ फार जातो म्हणून तेव्हा शब्दच घातले होते. वेळ कोणाचा जातो हा हिशोब तेव्हा केला नव्हता. 'नको' खाली डाव्या कोपऱ्यात, मूठ आधी जाते तिथे. लाल रंगात.

पहिला 'नको' सकाळी. हळद घातलेल्या दुधाला.

मला वाटलं मूठ चुकून पडली. पुन्हा ठक्. नको.

जमुना पदर तोंडाला लावून हसत बसली. "सातव्या वर्सापासून पाजताय तुमी! पोरीनं कवा मागितलेलं?"

म्हटलं, हाडांना चांगलं असतं.

ठक्.

२३ नोव्हेंबर

आज दीपाचं म्हणणं नोंदवलं. मी बाहेर बसायचं ठरलं. म्हणजे दीपानेच पाटीवर दाखवलं — बा-बा बा-हे-र. आत सुगंधाताई आणि तेजल. तेजल म्हणजे दोन घरं सोडून राहते ती, पॅकिंगची कंपनी बंद पडल्यापासून घरीच असते. दिवसातून दोनदा आमच्याकडे चक्कर. तोंडाचा पट्टा अखंड चालू. हिला कशाला घेतलं आत? तर म्हणे दीपाने सांगितलं.

ओट्यावर बसलो. आतून मुठीचा आवाज येत होता. ठक्. मग शांत. मग ठक्. त्या मधल्या शांततेत जीव जातो. पुढचा शब्द मला ठाऊक असतो ना! दोनदा उठलो. दोनदा जमुनाने नुसतं बघितलं. बसलो.

नंतर दीपाच्या परवानगीने सुगंधाताईंनी थोडंसं वाचलं, फोन वाचून दाखवेल तसं ऐकत ऐकत —

"मला कोणी मारत नाही. उपाशी ठेवत नाही. माझ्या आधी माझं उत्तर दिलं जातं."

बस. बाकीचं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तेजल म्हणाली, "भाऊ, पोरीनं 'उत्तर'ला एकच त लावलेला. मी म्हनलं, जाऊ दे गं, कळतंय. तर आयकंना! दुसरा त लावूनच पुढं सरकली. तुमचीच औलाद!"

एवढं एक बरं वाटलं.

३ डिसेंबर

अपंग दिन. पालघरला एका मंडळाचा कार्यक्रम, माझा 'आदर्श पालक' म्हणून सत्कार. स्टेजला पाच पायऱ्या, उतार नाही. दीपा खाली, खुर्चीत, ऊन तोंडावर. मी वर, शाल अंगावर, नारळ हातात. पाहुणे बोलत होते, यांनी मुलीसाठी काय नाही केलं!

शाल घडी करून ट्रंकेत टाकली. आज आणखी लिहवत नाही.

१४ डिसेंबर

सुगंधाताईंचा फोन. संघटना मिळून जो अहवाल करणार, तो लिहायला पुण्यात काही जण बसणार आहेत. फेब्रुवारीपासून तीन महिने. समितीपुढे आपली पाळी कधी येईल कोणास ठाऊक, पण तयारी आधीच लागते म्हणे. लिहिणारे सगळे स्वतः अपंग. त्यात दीपाचं नाव! सोबत एक मदतनीस आणायचा, पगार संस्थेचा.

मी म्हणायला तोंड उघडलं, की —

दीपाची मूठ पाटीवर गेलेली. ते-ज-ल.

 नीट जेवलो नाही. जमुनाला रागाने म्हटलं, तेजलला काय माहीत आहे? पाण्यात घट्ट करायची पावडर घातली नाही तर दीपाला ठसका लागतो. पाठ दर दोन तासांनी सैल करावी लागते. खुर्चीचा उजवा ब्रेक आधी लावायचा, मग डावा.

"मग शिकवा तिला."

शिकवून येतं का हे!

"तुमाला कोनी शिकवलं?"

 तेजलला विचारलं, रात्री-बेरात्री उचलायला जमेल? कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, बारा वर्सं कंपनीत पन्नास किलोची पोती ढकलली. तुमची पोर पोत्याच्या पासंगाला बी नाय पुरायची!"

दीपा हसली. मोठ्याने हसते ती तेजल असली की. लाळ गळते, तरी हसते.

२१ डिसेंबर

तेजल तिला घेऊन बोईसरच्या बाजारात गेली. खुर्ची टेम्पोत बांधून. मला नको म्हणाल्या दोघी. अंधार पडल्यावर आल्या. पाय ठेवायची पट्टी वाकलेली. कुठे आपटली विचारलं तर तेजल म्हणते, "रस्त्यालाच इचारा." दीपाच्या कानात नवे डूल. पाणीपुरी खाल्ली — पाण्याशिवाय, तेवढं तेजलला सुचलं म्हणायचं.

दीपाला विचारलं, काय काय केलंत?

सां. ग.

म्हटलं, सांगते? सांग.

"भाऊ, थांबा की! गाडी अजून टेशनात यायचीय," — तेजल.

णा. र. ना. ही.

सांगणार नाही! चोवीस वर्षांत माझ्यापासून लपवायला हिच्याकडे काही नव्हतं. आज आहे. हसावं की काय करावं?

पट्टी गरम करून सरळ केली. आता आधीसारखी बसते.

२९ डिसेंबर

कारखान्यात भावेशला, आमच्या सुपरवायझरला, विचारून ठेवलं. तीन महिने बिनपगारी रजा मिळेल म्हणतो. "काका, तुमच्याशिवाय हाल होतील हो आमचे, पण पोरीचं काम, जा."

ठरलं आहे माझं. सुगंधाताईंना फोन करून सांगायचं, तेजल चांगली बाई आहे, पण हे तिच्या आवाक्यातलं नाही. पट्टी वाकली हे सांगायचं. ठसक्याचं सांगायचं. खोटं एकही नाही त्यात. दीपा चार दिवस रुसेल, मग समजेल. आजपर्यंत समजलीच आहे.

पुण्यात खोली तळमजल्यावर हवी, न्हाणीचा उंबरा काढून घ्यावा लागेल. स्टूल सोबत नेऊ. कानशी, पाने, चार बोल्ट जास्तीचे. पिशवी भरूनही ठेवली.

जमुना पिशवीकडे बघून गेली. 

२ जानेवारी २०२६

मी करायच्या आधीच संस्थेच्या ऑफिसातून फोन. सुगंधाताई नव्हेत, त्यांचे साहेब. म्हणाले, तेजल नवखी आहे, आम्हाला धाकधूक वाटते, मदतनीस म्हणून तुम्हीच या. तुमच्याइतकं तिचं कोणाला कळतं?

म्हटलं, दीपाला विचारलंत?

"विचारू हो. आधी तुमचा होकार येऊ द्या."

महिना चोवीस हजार, तीन महिने, राहणं-जेवण त्यांचं. नाही म्हणालो. म्हटलं, दीपाने तेजलचं नाव दिलंय.