जीपमधली हवा

आबा, आज दुपारी अंगणात तुमच्या जीपचा डिझेल फिल्टर मी बदलला. एकटीने बदलला असं लिहिणार होते, पण ते खरं नाही, आणि खरं काय ते कळल्यापासून मला गप्प बसवत नाही. सांगावं असं माणूस तुम्हीच, आणि तुम्हाला जाऊन तर किती वर्षं झाली. आई आत भाकऱ्या थापतेय. माणसाचं तोंड तिला ओळखू येत नाही, पण तवा बरोबर सापडतो.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. महाडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता आणखी लांबवलंत तर पुढे आमच्याही हातात राहणार नाही. मी दोनदा तारीख घेतली आणि दोनदा बाईसाहेबांनी मोडली. एकदा शेजारची म्हैस व्यायली म्हणून, एकदा अमावास्या म्हणून. खरं कारण भीती, पण ते कबूल करील तर ती आपली आई कसली! या खेपेला शेवटी म्हणाली, "येईन, पण ह्यांच्या गाडीतून. गाडी चढली तर जायाचं. नाय चढली तर देवाच्या मनात नाय, मंग मला परत इचारू नकोस." आणि काल पोलादपूरहून येताना, आपल्या वाडीच्या चढणीवर, तुमच्या जीपने दोनदा मान टाकली. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर दम लागल्यासारखी धापते, जरा थांबून परत चालू होते. उद्या सकाळी ऑपरेशन. आई घरात बसून सगळं ऐकत होती. ती पिशवीत भरलेली लुगडी बाहेर काढायला लागली.

मिस्त्रीला फोन केला तर शिमगा! तो गावी पालखी नाचवतोय. म्हणाला, "ताई, पालखी देवळात बसेपर्यंत पान्याला हात लावणार नाय." त्याला तरी काय बोलणार? दुखणं मात्र त्याने फोनवरच ओळखलं, फिल्टर चोंदलाय. आज सकाळची शाळा सुटल्यावर महाडहून नवा फिल्टर आणला आणि बाह्या वर करून उभी राहिले.

मला सगळं येतंय असंच वाटत होतं. लहानपणी दर खंडेनवमीला पाहिलेलं. बाकीच्यांच्या गाड्या धुऊन, झेंडू बांधून तयार असायच्या, आणि तुम्ही अंगणात बॉनेट उघडून बसलेले. पाटावर पाने मांडलेले, त्यांना हळदकुंकू वाहिलेलं, आणि पूजा झाल्या झाल्या त्यातलाच एक उचलून तुम्ही कामाला लागायचात. देवाला हात जोडून लगेच देवालाच कामाला लावणारे तुम्ही एकटेच, असं आई म्हणायची. एका वर्षी तुम्ही मला फिल्टर बसवू दिला होता. मी दातओठ खाऊन पट्ट्याच्या पान्याने आवळत होते, तेव्हा मनगट धरलंत माझं. "अगो, फिल्टर हाय तो, वैरी नाय. हाताने आवळ, तेवढा पुरे." वर्गात एखादं पोर चुकलं आणि माझा आवाज चढायला लागला, की अजून मला ते मनगट आठवतं.

तर जुना फिल्टर काढला. आतून निघालं ते डिझेल नव्हतं, काळा चहा होता, तळाला पाणी. नव्यात स्वच्छ डिझेल भरलं, रबराच्या कडीला तेलाचं बोट फिरवलं, हाताने आवळला. चावी मारली. गाडी नुसती गुरगुरली, चालू होईना. परत मारली. बॅटरीचा आवाज बसायला लागला तशी चावी सोडली. पाइपात हवा राहिली होती, ती काढायला हवी हे माहीत होतं. पण वरचा बोल्ट सैल करून धरायचा आणि त्याच वेळी खाली, इंजिनच्या कुशीत असलेला हातपंप दाबत राहायचं, हे एका माणसाच्या हातांना पुरत नाही. मी या बाजूने वाकून बघते, त्या बाजूने बघते. मला फक्त तुम्ही आठवत होतात, बोल्टवर वाकलेले, गंभीर चेहऱ्याचे.

"सरक जरा," मागून आवाज आला.

आई भिंतीला हात लावत अंगणात आली होती. चाकाजवळच्या चिऱ्यावर चढली, मडगार्डवरून वाकली आणि तिने हात आत घातला. चाचपलं नाही, शोधलं नाही. हात सरळ पंपावर. मी बघतच राहिले. "सोड बोल्ट," ती म्हणाली आणि दाबायला लागली. बोल्टातून फेस आला, मग मोठे बुडबुडे, मग बारीक, मग स्वच्छ डिझेलची धार. मी आवळायला गेले.

"थांब. हाय अजून."

"अगं, गेली हवा. मला दिसतंय ना."

"तुला दिसतंय, माझ्या हाताला लागतंय. थांब."

आणि खरंच, दोन दाबांनंतर आतून कुठून तरी हवेचा एक मोठा गोळा फुस्सकन आला आणि माझ्या तोंडावर डिझेल उडालं. आई हसली. आणखी थोडं दाबलं आणि म्हणाली, "आता आवळ." त्या सुरात, आबा, मला तुमच्या सगळ्या खंडेनवम्या ऐकू आल्या. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि ते तुमचं नव्हतंच.

मी म्हटलं, "म्हणजे आबांना तू सांगायचीस?"

"मंग? त्यांना जवळचं दिसायचं कुठं? पलीकडच्या डोंगरावर कुणाचं ढोर चरतंय ते सांगतील, पण बोटाजवळचा बुडबुडा दिसायचा नाय. आणि चष्मा लावतील तर शपथ! ड्रायव्हराला चष्मा म्हंजे त्यांना वाटायचं उतारू जीपमधनं उड्या मारतील."

"आणि तुला बुडबुडे दिसायचे? इथून?"

"इथनं कसं दिसतील? मधे फिल्टरचा डबा येतो." चिऱ्यावरून उतरताना तिने माझा खांदा धरला. "मी नाय कधी बघितले. कसे असतात गो?"

इतकी वर्षं तुमची जीप आजारी माणसं घेऊन, बाळंतिणी घेऊन, दहावीची पोरं घेऊन ही चढण चढली, आणि तिची हवा काढणाऱ्या दोघांपैकी एकाला बुडबुडे दिसत नव्हते, दुसरीने ते कधी पाहिलेच नव्हते. तुम्ही तिच्या शब्दावर आवळत होतात, ती तुमच्या हातावर भरवसा ठेवून दाबत होती. सबंध घरात ते बुडबुडे पाहिलेली मी एकटी, आणि मला काही म्हणता काही येत नव्हतं. अंगणात उभ्या उभ्या अंगावर काटा आला. देवळातही माझं असं कधी झालं नव्हतं.

चावी मारली. गाडी पहिल्या हाकेला उठली. वाडीच्या चढणीवरून एक फेरी मारून आले, कुठे अडखळली नाही. परत आले तर आईची पिशवी ओटीवर भरून ठेवलेली होती.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच पुढचं लिहिते. नव्या फिल्टरला आता बरेच महिने हात लावायचं कारण नाही. पण आईच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली, तिला नीट दिसायला लागलं, की मी तिला अंगणात आणणार आहे, खुर्चीवर बोल्टासमोर बसवणार आहे आणि ठणठणीत गाडीत मुद्दाम हवा सोडणार आहे. पंपावर या खेपेला मी.