पश्चात्तापी बापाचा आवाज

३ तारीख, सोमवार
पोरी, लिहायला फार उशीर केला, राग धरू नकोस. सात वर्षांपूर्वी तू मुलगा नव्हे, मुलगी असल्याचं सांगितलंस आणि मी दार लावून घेतलं. तुझा पत्ता नाही, म्हणून या वहीत लिहितो. आज नव्या नोकरीवर रुजू झालो. तिसरा मजला, उजेडाची खोली, पुढ्यात माईक. तुझ्यासारख्या घराबाहेर काढलेल्या मुलांची आईवडिलांशी गाठ घालून देणारी वेबसाइट आहे. मी जेमतेम सातवी, अडखळत वाचतो. पण इथल्या मुख्य मॅडम म्हणाल्या, काका, तुमच्या आवाजानं दगडालाही पाझर फुटेल. मी वाचलं : ‘बाळा, चुकलं माझं. जशी आहेस तशी घरी ये.’ शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, घरीही एवढं गोड बोलत असाल तर काकूंची चैन आहे. मी हसलो. मग पाणी प्यायला उठलो.

६ तारीख, गुरुवार
माझा आवाज साइटच्या पहिल्याच पानावर लावलाय. तो ऐकून मुलं नाव नोंदवतात. मग त्यांच्या आईवडिलांच्या नावानं निरोप जातो. आज खालच्या खोलीत एक मुलगी आली, वडिलांसाठी मफलर घेऊन. वडील दिसले नाहीत. मॅडम म्हणाल्या, गाडीत आहेत. मागच्या दारानं गाडी निघाली तेव्हा आत दोन दांडगे होते. मफलर जिन्यात राहिला.

८ तारीख, शनिवार
ते निरोप शेजारची बाईच लिहिते. कुणाचेच आईवडील कुणाला शोधत नाहीत. आज ती मफलरवाल्या मुलीच्या नावानं इतर मुलांना लिहीत होती : मी सुखरूप पोचले, तुम्हीही या. मुलगी कुठाय विचारलं. म्हणाली, काका, नसत्या चौकशा कशाला? कपाटात मुलांचे मोबाइल आहेत. वाजत असतात.

१० तारीख, सोमवार
काम सोडतो म्हणालो. मॅडमनी खुशाल जा म्हटलं. यंत्रात माझा आवाज भरून झालाय, टाइप केलं की बोलतो. ऐकवला. मी कधीच न बोललेलं, हुबेहूब मी.

१२ तारीख, बुधवार
सामान आणायला गेलो. बाई एक निरोप वाचून दाखवत होती, गंमत म्हणून. ‘हा माझ्या बाबांचा आवाज आहे. शनिवारी येते.’ फोटो पाहिला. हनुवटीवरची खूण. मी ओरडलो, ही माझी आहे. ओरडायला नको होतं. नंबर तेवढा पाठ केला.

१३ तारीख
तू फोन उचललास. येऊ नकोस म्हणालो. तू म्हणालीस, बाबांनी सकाळीच बजावलंय, त्यांच्या आवाजात कुणी अडवेल, ऐकू नकोस. रडत होतीस. फोन ठेवलास. परत लागत नाही.

१४ तारीख
चौकीत गेलो. हवालदार म्हणाला, आजोबा, तोंडानं मुलगी म्हणता, कागदावर मुलगा. आधी घरात ठरवा, मग या.

शनिवार
सकाळपासून खालच्या दारात. खालच्या खोलीला कुलूप. वर खोली रिकामी — टेबलं, कपाट, काही नाही. तुला कुठं बोलावलं —

पुन्हा तुझ्या नंबरवर फोन लावला. लागला. उचलला. ‘हं, बाबा, बोला ना,’ म्हणाली. ती शेजारच्या टेबलावरची —

पोरी, कुठं आहेस, एक ओळ तरी लवकर कळव, मी इथंच दारात —