नवख्याचा कप

जुफैर, बहरीन
शुक्रवार, ता. २४ नोव्हेंबर १९७८

चि. बाळाजी यास,
महादेवचे अनेक आशीर्वाद.

तुझं दिवाळीचं पत्र दिवाळी उलटून पंधरा दिवसांनी हाती आलं, तरी करंज्यांचं वर्णन वाचून तोंडाला पाणी सुटलं. माझी प्रकृती उत्तम आहे. तुझ्या वहिनीला, मंगलाला, सांग की गुडघा आता दुखत नाही. दुखतो, पण तू तेवढंच सांग.

अमेरिकनांच्या तळावरच्या लाँड्रीत मी नेमकं काय करतो, असं तू विचारलंस. बाबा रे, धुणं धुतो. पण सध्या त्यात एक गंमत आहे. थंडी पडली की हे लोक त्यांचा फुटबॉल खेळतात. चेंडू अंड्यासारखा, आणि पायाने तो क्वचितच मारतात, तरी नाव फुटबॉल. एक गडी चेंडू काखोटीला मारून पळत सुटतो आणि सगळं मैदान त्याच्या नावाने ओरडतं. त्याच्यापुढे पाच दांडगे गडी ओळीने उभे असतात. त्यांनी चेंडूला हातही लावायचा नाही. समोरच्याला छातीने अडवायचं आणि पळणाऱ्याला वाट करून द्यायची, एवढंच त्यांचं काम. आपल्या कबड्डीतली साखळीच समज.

सामन्यानंतरचे शर्ट माझ्याकडे येतात. मी सामना पाहत नाही, शर्ट पाहतो. पळणारा आहे बावीस नंबर, यंदाच नवा आलेला. त्याच्या शर्टाला पाठीवर थोडी धूळ, बाकी कोरा. ओळीतला एकाहत्तर नंबर, तोही नवाच. त्याच्या शर्टाच्या खांद्यांची वीण विरलेली, कोपरांवर रक्त, आणि छातीवर समोरच्या संघाच्या शर्टाचा निळा रंग उतरलेला. तो रंग काढताना माझी नखं दुखतात. माझ्यासोबत इस्त्रीला नजीब आहे, केरळचा. तो म्हणतो की हा शर्ट आता खलास, फेकून द्या. मी फेकत नाही.

आता इथे वाद पेटला आहे. हंगामातल्या नवख्या खेळाडूला कप देतात. निम्मे म्हणतात बावीस नंबरला द्या, निम्मे म्हणतात एकाहत्तरला. मेसमध्ये चिठ्ठ्यांची पेटी ठेवली आहे, आणि संघाचं काम करणाऱ्या प्रत्येकाला एक चिठ्ठी, म्हणजे धोब्यालासुद्धा. मी कुणाचं नाव टाकणार हे तुला सांगायला नको. गावच्या कबड्डीत बारा वर्षं मी डाव्या कोपऱ्याला उभा राहिलो. माझं मधलं बोट अजून वाकडं आहे. कप मात्र दरवेळी चढाईवाल्याने नेला, आणि मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मनापासूनच्या नव्हत्या, हे आज कबूल करतो.

तू यंदा जानेवारीच्या स्पर्धेत बक्षीस समितीवर आहेस, म्हणून मोठा भाऊ म्हणून सांगतो. टाळ्या कुणाला पडल्या ते पाहू नकोस. कोपऱ्याकडे बघ. माझा भार्गवही माझ्याच जागेवर उभा राहत असेल. मी निघालो तेव्हा शाळेच्या संघात तो डावा कोपराच धरायचा.

मुलांना पापे, मंगलाला खुशाली. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझा,
दादा


कोंडवाडी, ता. गुहागर
रविवार, ता. १७ डिसेंबर १९७८

तीर्थस्वरूप दादांस,
बाळाजीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आपलं पत्र मिळालं आणि माझ्या हातून एक आगाऊपणा झाला, तो आधी सांगतो. समितीची बैठक शाळेच्याच पटांगणात होती. मास्तराची खोड, चांगला उतारा दिसला की मोठ्याने वाचायचा. मी आपला शर्टांचा मजकूर सगळ्यांसमोर वाचून दाखवला. गावची पोरं भोवती होती, भार्गवही होता. मग म्हाताऱ्या शिर्केअण्णांनी स्वतःचं वाकडं बोट वर करून दाखवलं आणि सगळे हसले.

पण दादा, आता पंचाईत अशी की भार्गव कोपऱ्याला नाही. गेल्या पावसाळ्यात तो एकदम वाढला, पाय लांब झाले. आता तो आपल्या संघाची पहिली चढाई करतो. आपल्या घराण्यात आजवर कुणी चढाई केली नव्हती. त्याला पाहायला वेळणेश्वरपासून माणसं येतात. त्याने आपल्याला कळवलं नाही, कारण आपण चढाईवाल्यांना काय काय म्हणता ते त्याला लहानपणापासून पाठ आहे.

डाव्या कोपऱ्याला शिवदास असतो, रंभाकाकूंचा. नवरा गेल्यावर काकूंनी आंब्याच्या बागेत राबून वाढवलेला मुलगा. तोही यंदाच संघात आला. तोंडातून शब्द नाही, पण एकदा घोटा धरला की सुटत नाही.

आणखी एक. मुंबईच्या एका मिलच्या संघाचे व्यवस्थापक अंतिम सामन्याला येणार आहेत. नवख्याचा कप ज्याला मिळेल त्याला संघात घेणार, आणि खात्यात बदली कामगार म्हणून चिकटवणार. आम्ही समितीत पाच जण. दोघे भार्गवच्या बाजूचे, दोघे शिवदासच्या. पाचवा मी, सख्खा काका. मी बाजूला होतो म्हटलं तर कुणी ऐकत नाही, म्हणतात की मास्तर, तुमच्यावर विश्वास आहे. सामना सव्वीस जानेवारीला आहे. आपण म्हणाल तसं करीन. परतीच्या टपालाने उत्तर पाठवावं.

वहिनी खुशाल आहेत. गुडघ्याचं त्यांनी मानलेलं नाही. कृपा असू द्यावी, आणि रागावलात तरी पत्र लिहावं.

आपला,
बाळाजी


जुफैर, बहरीन
शुक्रवार, ता. ५ जानेवारी १९७९

चि. बाळाजी यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचून झालं की चुलीत टाक. मंगलालाही दाखवू नकोस.

मी मागच्या पत्रात लिहिलं ते अमेरिकनांपुरतं होतं. त्यांच्या खेळात पळणाऱ्यापुढे पाच जण असतात. आपला चढाईवाला एकटा जातो. पलीकडे सात जण टपलेले आणि याच्याजवळ फक्त छातीतला दम. त्याला कप दिला तर कुणावर काय अन्याय झाला? चढाई नसेल तर मैदानाभोवती माणूस उभं राहील का? तू मास्तर आहेस, तुला हे मुद्दे समितीपुढे नीट मांडता येतील.

वाचून तुला हसू येत असेल. मलाही येतं, पण ते टिकत नाही.

बाळाजी, खरं सांगतो. आम्ही एका खोलीत सात जण राहतो. उन्हाळ्यात बॉयलरशेजारी उभं राहून अंगातलं पाणी संपतं. पासपोर्ट मालकाकडे असतो आणि रजा म्हणायला दोन वर्षांनी, पण तिसरं सरत आलं तरी मिळालेली नाही. मी निघालो तेव्हा भार्गव माझ्या खांद्याला लागत होता. आता तो वाढला, हे मला तुझ्या पत्रातून कळतं. या महिन्यात इथल्या एजंटाने मला विचारलं की मुलगा अठराचा झाला का, त्याचा व्हिसा काढू का. मी त्याला इंशाल्ला म्हणून टाळलं. किती वेळ टाळणार? मुंबईत मिल मिळाली तर पोरगा गणपतीला घरी येईल, शिमग्याला येईल. माझ्यासारखा शर्टांवरून माणसं ओळखत बसणार नाही.

शिवदास चांगला असेल. असेलच. त्याला पुढच्या वर्षी दुसरं एखादं बक्षीस द्या. यंदा भार्गवला दे. मोठा भाऊ म्हणून मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, आज मागतो.

तुझा,
दादा


कोंडवाडी
सोमवार, ता. २९ जानेवारी १९७९

तीर्थस्वरूप दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आपल्या उत्तराची फार वाट पाहिली. चौदा तारखेपासून रोज पोस्टात खेप घातली. पोस्टमास्तर मला पाहिलं की दुरूनच मान हलवायचे. पत्र आलं नाही.

सामना आपल्या संघाने जिंकला. भार्गवच्या चढाया पाहून मिलचे व्यवस्थापक दोनदा खुर्चीवरून उठले. चौदा गडी मारले त्याने. पण तो स्वतः तीनदा बाद होऊन रेषेबाहेर बसला, आणि तिन्ही वेळा शिवदासने पकड केली तेव्हाच तो उठून पुन्हा आत आला. तिसऱ्या पकडीला शिवदासची भुवई फुटली. रक्त पुसायलाही तो साखळीतून सुटला नाही.

मतं दोन-दोन झाली. पाचवं माझं राहिलं. शेवटी म्हटलं, दादांचं दुसरं पत्र नाही, म्हणजे पहिलं पत्र हेच त्यांचं उत्तर. मी शिवदासचं नाव घेतलं. कप त्याला मिळाला. पुढच्या सोमवारी तो मुंबईला जाईल. रंभाकाकू घरी आल्या, वहिनींच्या पाया पडल्या, आणि वहिनी आत जाऊन रडल्या. त्या रडल्या ते आनंदाने नव्हे, हे मला कळतं. भार्गवने शिवदासला खांद्यावर घेऊन मैदान फिरवलं. घरी आल्यापासून मात्र तो थोडकंच बोलतो. सामन्याचा बनियन त्याने खुंटीला टांगला आहे, धुऊ देत नाही, म्हणून वहिनी रोज ओरडतात.

दादा, मी आपल्या मुलाच्या पानातला घास काढला. आपण शाबासकी द्याल की तोंड फिरवाल, मला कळत नाही. चुकलं असेल तर धाकटा म्हणून पदरात घ्यावं.

आपला,
बाळाजी


कोंडवाडी
शुक्रवार, ता. २ फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप बाबांस,
भार्गवचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पाच तारखेचं पत्र सोबत परत पाठवतो आहे. ते काकांना पोचलं नाही, कारण पोस्टमनने ते मैदानावर माझ्या हातात दिलं. अठरा तारीख होती. वर काकांचं नाव होतं, पण अक्षर तुमचं. मी ते फोडलं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे मला कळतं, त्याची शिक्षा द्या. काका रोज पोस्टात जायचे आणि मी रोज त्यांना जाताना पाहायचो. ते आठ दिवस फार वाईट गेले.

बाबा, मला कप हवा होता. खोटं कशाला लिहू? मुंबईही हवी होती. पत्र काकांना दिलं असतं तर दोन्ही मिळालं असतं, कारण काका तुमचा शब्द मोडत नाहीत. दोनदा मी पत्र घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेलो.

पण तुमचं पहिलं पत्र काकांनी वाचलं तेव्हा मी तिथेच होतो. शिवदास माझ्या शेजारी बसला होता. तुमच्या वाकड्या बोटाचं आलं तेव्हा त्याने हळूच स्वतःचा हात पाहिला. त्या दिवसापासून गावात कुणी तुमचं नाव काढलं की मला बरं वाटतं. तीन वर्षांत तुम्ही कसे दिसता तेसुद्धा मी विसरत चाललो होतो, पण त्या पत्रातले तुम्ही मला पक्के आठवता. तो माणूस मला बदलू द्यायचा नव्हता.

आणि मी बाद होऊन बसलो की मला उठवतो कोण, तेही मला ठाऊक आहे.

व्यवस्थापकांनी पुढच्या वर्षी मलाही बघतो म्हटलंय. नाहीच जमलं तर एजंटाला हो म्हणा, मी कामाला घाबरत नाही. आईला यातलं काही माहीत नाही. तुम्ही त्या पेटीत कुणाची चिठ्ठी टाकलीत, तेवढं कळवा. लोभ आहे हे मला आता विचारावं लागत नाही.

तुमचा,
भार्गव


जुफैर, बहरीन
शुक्रवार, ता. १६ फेब्रुवारी १९७९

चि. भार्गवास,
अनेक आशीर्वाद.

पाच जानेवारीला सकाळी मी मेसमध्ये जाऊन एकाहत्तर नंबरची चिठ्ठी टाकली. संध्याकाळी खोलीवर येऊन तेच पेन घेऊन बाळाजीला ते पत्र लिहिलं. दोन्ही मीच. तू एकालाच बाप मानलंस, हा तुझा मोठेपणा.

कप बावीस नंबरला गेला. नजीब म्हणाला, दुसरं काय होणार होतं? एकाहत्तरने टाळ्या वाजवल्या. त्या मनापासून होत्या की नाही, ते मी त्याच्या तोंडाकडे पाहून ओळखलं.

बाळाजीला मी आजच सगळं लिहिलं आहे, माझं पत्रही आणि तुझं फोडणंही. एवढं ओझं तू एकट्याने बाळगू नयेस. त्याला शाबासकीही लिहिली आहे, आणि ती लिहिताना हात थांबला, हेही लिहिलं आहे. शिवदासला माझा आशीर्वाद कळव.

एजंटाला मी नाही म्हणून आलो. त्याला इंशाल्ला म्हटलं नाही, सरळ नाही म्हटलं. एक वर्ष आणखी खेळ.

एक काम कर. आमच्या खोलीतला चिपळूणचा सुर्वे पुढच्या महिन्यात रजेवरून परत यायचा आहे. तुझा तो खुंटीवरचा बनियन त्याच्याजवळ दे. तुझी एकही चढाई मी पाहिलेली नाही. आईला तो भिजवू देऊ नकोस, गरम पाण्यात तर मुळीच नको, डाग पक्के होतात. आहे तसा पाठव. मी आधी तो नीट बघेन, आणि मग माझ्या हाताने धुईन.

तुझा,
बाबा