उजवा कौल

अण्णा, गेल्या मंगळवारी माझ्या पोटात दुर्बीण घातली. तोंडातून नळी सोडतात आणि आतलं सगळं बाहेर पडद्यावर दिसतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "घरात डोकावायला शेजारी पुरत नव्हते म्हणून हे काढलं." माझ्या जठरात जंतू निघाले, आणि सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी. डॉक्टर पोरगेलासा आहे. म्हणाला, जाड माणसांत ही दोन्ही दुखणी बरीच दिसतात, त्यांचं आपसात काही साटंलोटं असावं असा संशय आहे, पण नक्की कुणी सांगत नाही. जंतूंना गोळ्या, चरबीला चालणं. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसले. तो येईचना. शेवटी मीच म्हटलं, "मी दारू पिते का, ते नाही विचारलंत?" तो हसला. "काकू, तुम्ही कशाला प्याल? आणि न पिणाऱ्यांनाही होतं हे." एका वाक्यात सुटले मी. तुम्हाला हे वाक्य कुणी दिलं नाही.

ऐंशीच्या दशकातली आपली रत्नागिरी. तुम्ही बंदराच्या कचेरीत कारकून, अंगानं एवढे की खुर्ची आधी कुरकुरायची आणि मग तुम्ही. दुपारचं जेवण झालं की छातीत जळजळ, एकामागून एक ढेकर, आणि उजव्या बरगडीखाली दाबून धरलेला हात. तो हात मला अजून दिसतो. जेवणानंतर घरात कुणी ढेकर दिली की मी आधी दाराकडे बघते. मग एक दिवस डॉक्टरांनी तुमचं पोट चाचपलं आणि आईसमोर विचारलं, "लिव्हर सुजलंय. रोज किती घेता?" तुम्ही म्हणालात, "थेंबसुद्धा नाही." ते म्हणाले, "अहो, सगळे हेच सांगतात." त्या दिवसापासून आई तुमचा सदरा धुवायला टाकण्याआधी हुंगायला लागली. तुम्ही ते बघायचात आणि पेपर तोंडासमोर धरायचात.

कौल लावायचं आईनंच ठरवलं. आपण तिघं एसटीनं गावी गेलो. देवळात गुरवानं देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरानं दारूला हात लावला नसंल तर उजवी दे." चार म्हातारे "व्हय म्हाराजा" म्हणाले. तुम्ही हात जोडून उभे आहात, घामानं सदरा पाठीला चिकटलाय, आणि ओठ हलतायत. किती वेळ गेला कोण जाणे. उजव्या बाजूची कळी पडली. तुम्ही आधी आईकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. लहान मुलासारखा चेहरा झाला होता तुमचा. आणि मी, एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अण्णा, देवालाही पाजलीत वाटतं!"

म्हातारेसुद्धा हसले. आई हसली नाही, पण तिच्या डोळ्यांत क्षणभर आलेलं काहीतरी मावळलं. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. त्यानंतर "मी घेत नाही" हे तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. पुढच्या वर्षी आंबा बाजारात यायच्या आत तुम्ही गेलात, डोळे हळदीसारखे, पोट पाण्यानं तट्ट. अंगणात लोक बोलत होते, "माणूस लाखातला, पण बाटलीनं नेला." आई ते ऐकत होती. मीही.

आता खरं. कौलाच्या चार दिवस आधी मी तुमचा डबा द्यायला कचेरीत आले होते. तुम्ही साहेबांकडे आत गेला होतात. मी तुमचा खण उघडला. आत रमची बाटली, अर्धी, लालभडक. झाकणात ओतून जिभेला लावली. खारट, आंबट. कोकमाचं आगळ होतं ते, आईच दरवर्षी करते ते. पित्ताला बरं म्हणून तुम्ही घोटभर पाण्यात घालून घ्यायचात. आपल्याकडे आगळ असल्याच रिकाम्या बाटल्यांतून भरतात, हे काय मला माहीत नव्हतं? बाटली होती तशी ठेवली. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी मी एका जाड्या बेवड्या कारकुनाची नक्कल बसवत होते. चालही तुमचीच उचलली होती. तालमीत मुली लोळून हसत होत्या. आगळ पिणाऱ्या माणसाला कोण हसणार, अण्णा? त्या हशावर पुढे माझं सगळं लिखाण उभं राहिलं. लोक मला धारदार म्हणतात. धार पहिल्यांदा कुणावर लावली ते विचारत नाहीत.

काल आईनं माझ्या तोंडून लिव्हर हा शब्द ऐकला. आता तिला नीट दिसत नाही. माझ्याजवळ सरकली, माझा पदर हातात घेतला आणि अगदी हळू विचारलं, "तू नाही ना गो घेत?" पदर नाकाशी नेला की काय ते मी पाहिलं नाही, मान फिरवली. मग सांगितलं, की न घेताही हे होतं. सांगितलं, की अण्णाही घेत नव्हते. तिनं माझा पदर सोडला. म्हणाली, "म्हणजे देव खरं सांगत होता. आणि मी..."

तिसरी गोष्ट, की मला ते तेव्हाच माहीत होतं, ती मी तिला सांगितली नाही. ती फक्त इथे लिहिली आहे, जिथे वाचणारं कुणी नाही.